गोलंदाज अचूक की नुसताच फास्ट? कल्याणच्या तुषार देशपांडेवरून समजून घ्या रनअप आणि लाइन-लेंग्थचं गणित

३ एप्रिल २०२३. चेपॉकवर चेन्नई सुपर किंग्जने लखनौला १२ धावांनी हरवलं. मॅच जिंकूनही महेंद्रसिंह धोनी खूश नव्हता. चेन्नईच्या गोलंदाजांनी त्या दिवशी १३ वाइड आणि ३ नो-बॉल टाकले होते. नो-बॉल आणि जादा वाइड थांबले नाहीत तर या पोरांना नव्या कर्णधाराच्या हाताखाली खेळावं लागेल, असं धोनी हसत हसत, पण सगळ्यांसमोर बोलला. ज्यांना हे ऐकवलं गेलं त्यात कल्याणचा तुषार देशपांडेही होता.

त्याच सिझनमध्ये तुषारने १६ मॅचमध्ये २१ विकेट घेतल्या. चेन्नईकडून त्या वर्षी सगळ्यात जास्त. पण फायनलमध्ये त्याच्या ४ ओव्हरमध्ये ५६ धावा गेल्या आणि विकेट एकही नाही. सोशल मीडियावर अर्धे लोक त्याला डोक्यावर घेत होते आणि अर्धे संघाबाहेर काढत होते.

मग गोलंदाज चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

स्पीडगन काय सांगत नाही

सध्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुठल्याही नेट्सवर गेलात तर एकच प्रश्न ऐकू येतो, किती स्पीड आहे? रील पण त्याचीच बनते. दांडी उडते, स्लो मोशन, मागे गाणं. पण त्या रीलमध्ये आधीचे पाच चेंडू कुठे पडले ते दिसत नाही.

वेग मोजणं सोपं असतं म्हणून तो आधी मोजला जातो. अचूकता मोजायला बसून वही धरावी लागते.

आता अचूकता किती अवघड गोष्ट आहे ते बघा. ताशी १४० किमीच्या आसपास वेगाचा चेंडू गुड लेंग्थवर टाकायचा आहे, म्हणजे फलंदाजाच्या स्टंपपासून साधारण ६ ते ८ मीटरवर. हातातून सुटताना चेंडूचा कोन फक्त एका अंशाने वर-खाली झाला, तर टप्पा ढोबळ हिशोबाने जवळजवळ एक मीटर पुढे-मागे सरकतो. गुड लेंग्थचा चेंडू ओव्हरपिच होतो आणि कव्हरमधून चौकार जातो. तोच एक अंश डावी-उजवीकडे चुकला तर फलंदाजापाशी पोहोचेपर्यंत चेंडू ३० सेंटिमीटरने भरकटलेला असतो. तिन्ही स्टंप मिळून रुंदी किती? जेमतेम २३ सेंटिमीटर. म्हणजे ऑफ स्टंपवर टाकलेला चेंडू एका अंशाच्या चुकीने लेग स्टंपच्याही बाहेर जाऊ शकतो. आणि हे सगळं धावत येऊन, उडी मारून, एका पायावर पडताना करायचं असतं.

वाइड मोजले म्हणजे अचूकता मोजली का?

नाही. वाइड आणि नो-बॉल ही फक्त स्कोअरकार्डवर दिसणारी चूक आहे. मिडल स्टंपवर पडलेला आरामशीर हाफ व्हॉली वाइड नसतो, पण तोही चुकलेलाच चेंडू आहे. उलट डेथ ओव्हरमध्ये फलंदाजाच्या पोहोचेबाहेर टाकलेला वाइड यॉर्कर दोन इंचांनी रेषेबाहेर गेला तर तो वाइड दिला जातो, पण गोलंदाजाचा विचार बरोबर होता.

म्हणून अचूकता नेहमी ‘काय टाकायचं होतं’ याच्याशी ताडून बघावी लागते. चांगले कोच चेंडू टाकायच्या आधी गोलंदाजाकडून लक्ष्य वदवून घेतात. आधी यॉर्कर सांगितला आणि फुलटॉस पडला, तर तो चुकला. मग त्यावर फलंदाज बाद का होईना.

इथे दोन प्रकारचे गोलंदाज वेगळे होतात. एकाचे सगळे चेंडू चुकतात, पण एकाच जागी चुकतात. समजा, प्रत्येक वेळी लेग साइडला. दुसऱ्याचे चेंडू पिचभर विखुरलेले असतात. आकड्यात दोघे सारखेच वाईट दिसतील. पण पहिल्याला बऱ्याचदा एखादीच दुरुस्ती पुरते, डोकं डावीकडे पडतंय किंवा पुढचा पाय आत येतोय वगैरे. दुसऱ्याची गोलंदाजी दर वेळी वेगळी होतेय, तिथे काम मोठं आहे. टीव्हीवर पिच मॅपमध्ये ठिपक्यांचा घोळका दिसतो तो यासाठीच बघायचा. घोळका किती घट्ट आहे ते आधी, कुठे आहे ते नंतर.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू पास फेकतो. तिथेही कॉलेजच्या पोरांच्या पासची टक्केवारी काढतात आणि तिथेही हाच वाद असतो. पास अचूक होता, पण समोरच्याच्या हातून सुटला, तर टक्केवारी मात्र फेकणाऱ्याचीच घसरते. आपल्याकडे स्लिपमध्ये कॅच सुटून चौकार गेला की इकॉनॉमी गोलंदाजाची बिघडते, तसंच.

इकॉनॉमीवरून आठवलं. २०२३ मध्ये तुषारची इकॉनॉमी १० च्या जवळ होती. आकडा भयानक वाटतो. पण तो पॉवरप्लेमध्ये आणि शेवटच्या ओव्हरमध्ये टाकत होता. एकदा फक्त दोनच फिल्डर सर्कलबाहेर, एकदा समोर सेट झालेला फिनिशर. मधल्या ओव्हर टाकणाऱ्या स्पिनरच्या इकॉनॉमीशी त्याची तुलना म्हणजे गर्दीच्या वेळच्या कल्याण लोकलची दुपारच्या लोकलशी तुलना. २०२४ मध्ये साधारण तेच काम करताना त्याने १३ मॅचमध्ये १७ विकेट घेतल्या आणि इकॉनॉमी ९ च्या खाली आली. सुधारणा बघायची तर अशी, कामाशी काम ताडून.

रनअप कसा बघायचा?

बरेच जण रनअप लांब की आखूड एवढंच बघतात. लांबीला तसा अर्थ नाही. जसप्रीत बुमराचा रनअप आखूड आणि अडखळल्यासारखा दिसतो, पण तो दर वेळी तसाच असतो. बघायचं ते हे, की पहिला चेंडू आणि तिसावा चेंडू यांचा रनअप सारखा आहे का.

पावलं मोजून मार्क लावलाय की अंदाजे सुरुवात होते? वेग हळूहळू वाढतो की मध्येच? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या तीन-चार पावलांत काय होतं. क्रीज जवळ आल्यावर पाऊल आखडलं किंवा ताणलं जात असेल तर गोलंदाजाचा मेंदू चेंडू कुठे टाकायचा हे सोडून पाय कुठे पडणार याचा हिशोब करतोय. नो-बॉल तिथेच जन्माला येतो, हातात नाही.

नियम सोपा आहे. पुढच्या पायाचा काही भाग, जमिनीवर किंवा हवेत, पॉपिंग क्रीजच्या मागे हवा. मागचा पाय रिटर्न क्रीजच्या आत, रेषेला न टेकता पडायला हवा. पण हा पाय किती महाग पडू शकतो ते १८ जून २०१७ ला ओव्हलवर सगळ्यांनी पाहिलं. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, समोर पाकिस्तान. बुमराच्या चेंडूवर फखर झमान ३ धावांवर मागे झेल देऊन गेला, आणि तो नो-बॉल निघाला. फखरने ११४ केल्या, भारत १८० धावांनी हरला. (पुढे जयपूरच्या ट्रॅफिक पोलिसांनी तोच फोटो ‘रेषा ओलांडू नका’ म्हणून होर्डिंगवर लावला होता.)

चेंडू सुटल्यानंतरचे दोन-तीन सेकंदही बघा. शरीर लक्ष्याच्या दिशेने पुढे जातंय की डावीकडे कोसळतंय? कोसळत असेल तर डोकं आधीच हललेलं असतं, आणि डोकं हललं की तो एक अंश गेलाच.

आपल्याकडे अडचण कुठे येते?

जागेची. ठाणे-कल्याण पट्ट्यात मोकळी मैदानं मोजकीच. ठाण्याचं सेंट्रल मैदान, दादोजी कोंडदेव स्टेडियम, कल्याणचं सुभाष मैदान, डोंबिवलीचं क्रीडा संकुल, आणि प्रत्येक ठिकाणी पोरांची गर्दी. उरलेला सराव टर्फवर किंवा इमारतींच्या मधल्या नेट्समध्ये. तिथे पूर्ण रनअप घ्यायला जागाच नसते. वीस पावलांचा गोलंदाज दहा पावलांवरून टाकतो, अंपायर नसतो, पाय रेषेच्या पुढे पडला तरी कोणी बोलत नाही. मग रविवारी मॅचमध्ये पूर्ण रनअपने आला की पाय भलतीकडेच पडतो. पोरगं म्हणतं, नेट्समध्ये तर बरोबर पडत होतं!

दुसरी गोष्ट टेनिस बॉलची. हा पट्टा टेनिस क्रिकेटचा बालेकिल्ला. २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली तीही दादोजी कोंडदेववरच. टेनिसमधून यॉर्कर आणि डोकं दोन्ही तयार होतं, यात शंका नाही. पण साधा टेनिस बॉल ६० ग्रॅमच्या आतबाहेर, तर सीझन बॉल किमान १५५.९ ग्रॅम. हलका बॉल फेकायची सवय झालेला खांदा एकदम जड बॉलवर पूर्ण जोर लावायला गेला तर दुखणार. शिवाय टेनिस बॉलची उसळी वेगळी, त्यामुळे टेनिसची गुड लेंग्थ सीझन बॉलला चालत नाही.

आणि मग पाठ. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी ‘मिक्स्ड’ ॲक्शन असेल तर कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. वाढत्या वयातल्या मुलांना जास्त. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार ओव्हरची मर्यादाच ठरवून दिली आहे. आपल्याकडे तोच पोरगा सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि संध्याकाळी सोसायटीच्या टुर्नामेंटमध्ये टाकतो. बाराव्या वर्षी कंबर दुखतेय म्हणाला, तर ‘स्ट्रेचिंग कर’ एवढ्यावर विषय संपवू नये. डॉक्टरांना दाखवावं.

घरच्या घरी जोखायचं तर?

एक मोबाईल गोलंदाजाच्या मागे सरळ रेषेत, एक बाजूला क्रीजच्या लाइनमध्ये. गुड लेंग्थवर चार मार्कर ठेवून चौकोन करा. ३० चेंडू. प्रत्येक चेंडूआधी लक्ष्य सांगायचं, कोणीतरी टिपायचं. पायाची जागा पण टिपायची. मग दमवून, म्हणजे दहा मिनिटं पळवून, पुन्हा १२ चेंडू. ताज्या दमाचे आणि थकल्यानंतरचे आकडे शेजारी ठेवा. खरा फरक तिथे दिसतो, कारण मॅचची शेवटची ओव्हर कोणीच ताज्या पायांनी टाकत नाही. आणि हे एकदाच करून निकाल लावू नका, महिन्याभराने पुन्हा करा.

निवड चाचणीत मात्र एवढा वेळ कोणाला मिळत नाही. तिथे बऱ्याचदा हातात येते एखादी-दुसरी ओव्हर. तुषारने मुलाखतीत सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. लहानपणी तो शिवाजी पार्कला निवडीसाठी गेला तो फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग लांबच लांब होती, गोलंदाजांची आखूड. कल्याणला परतायला उशीर होईल म्हणून तो आखूड रांगेत जाऊन उभा राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजीच्या क्वार्टर फायनलला बडोद्याविरुद्ध त्याने अकराव्या नंबरवर येऊन १२३ धावा केल्या, तेव्हा तनुष कोटियनबरोबर त्याची शेवटच्या विकेटची भागीदारी २३२ ची झाली. जुलैमध्ये हरारेला तो भारताकडून पहिली टी-ट्वेंटी खेळला, झिम्बाब्वेविरुद्ध, गोलंदाज म्हणून.