विंचवाचें विष आणि महाडचे डॉक्टर

रायगडाकडे निघालेला इतिहासाचा वाचक महाडास थांबतो, चवदार तळें पाहतो, आणि उत्साही असला तर पोलादपूर तालुक्यांतील तानाजीच्या उमरठापर्यंत जाऊन येतो. याच मुलुखांत गेल्या अर्धशतकांत घडलेली एक हकीकत इतिहासांत गणली जावी अशी आहे; परंतु तिचा प्रतिनायक क्षुद्र विंचू असल्यामुळें असेल, तिकडे आमच्या इतिहासप्रेमी मंडळींचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

कोंकणांतील तांबडा विंचू आकारानें लहान, पण विषानें भयंकर. पेंढ्यांत, लांकडांच्या राशींत, दगडाखालीं, क्वचित् वहाणेंतही तो दडून बसतो. एकनाथांनीं विंचवावर भारूड रचिलें; त्याची वेदना सर्वांच्या परिचयाची असल्यावांचून तें रूपक इतकें रुजतें ना. वेदना हेंच खरें संकट, ही समजूत खेड्यापाड्यांत दृढ होती. म्हणून मांत्रिक, म्हणून उगाळलेला चिंचोका. वस्तुतः जो नुसता वेदनेनें तळमळतो तो बहुधा वाचतो. ज्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, भय त्याचें.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आले. जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांत वाढलेले, नागपुरास वैद्यक शिकलेले. दंशाचे गंभीर रोगी, विशेषतः मुलें, त्यांच्या डोळ्यांदेखत जात. त्या काळीं शंभरांत सुमारें ३० दगावत. ग्रंथांत यावर उतारा नव्हता. तेव्हां रोग्याच्या उशाशीं बसून लक्षणें टिपणें एवढेंच हातीं उरलें. आम्हां प्राध्यापकांस प्रयोगशाळेवांचून संशोधन सुचत नाहीं. येथें खाट हीच प्रयोगशाळा होती. या निरीक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला.

त्यांतून जें चित्र उभें राहिलें तें असें. विषानें मज्जातंतु चेतविले जातात, उत्तेजक द्रव्यें एकदम रक्तांत लोटलीं जातात, आणि रक्तवाहिन्या आकसतात. त्या अरुंद नळ्यांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकतें. फुप्फुसांत पाणी भरतें, तोंडास गुलाबी फेस येतो. मग वाहिन्याच सैल केल्या तर? प्रथम त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलें. औषध गुणकारी, परंतु तें थेंबाथेंबानें शिरेंत सोडावें लागतें, उजेडापासून जपावें लागतें, आणि रक्तदाबावरची नजर क्षणभर हलवितां येत नाहीं. रात्रीं वीज गेलेल्या दवाखान्यांत हें कसें साधावें? त्याच तत्त्वावर चालणारी प्रॅझोसिन नांवाची, रक्तदाबाची म्हणून बाजारांत असलेली स्वस्त गोळी त्यांनीं पोलादपुरास वापरून पाहिली. १९८६ सालीं तिचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’नेंच छापला. पुढें मृत्यूचें प्रमाण शंभरांत एक-दोनांवर आलें.

येथें दुसरा कोणी थांबला असता. परंतु प्रॅझोसिन विषाचा परिणाम आवरतें, विष मारीत नाहीं. तें काम प्रतिविषाचें. लस शरीरास आगाऊ शहाणें करते. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या शरीरानें मिळविलेलें शहाणपण आयतें रोग्यास देणें. विषारी द्रव्याविरुद्धचे रक्तांतील गुण एका प्राण्यांतून दुसऱ्यास देतां येतात, हें बेहरिंग व किटासाटो यांनीं बर्लिनास १८९० सालींच दाखविलें होतें. सर्पदंशावरील प्रतिविषें त्याच वाटेनें आलीं. विंचवाचें प्रतिविष हातीं आल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला: गोळी इतकी यशस्वी असतां त्याची गरज काय?

हाफकिननें १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईस आपली प्लेगची लस आधीं स्वतःस टोंचून घेतली. बावस्करांनीं तसेंच कांहीं, पण माझ्या मतें अधिक अवघड असें केलें: स्वतःच्या कीर्तीस परीक्षेला बसविलें. महाडास ७० रोगी घेऊन चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. ३५ जणांस नुसती गोळी, ३५ जणांस गोळी व प्रतिविष. दहा तासांच्या अखेरीस दुसऱ्या गटांतील ३२ जण पूर्ण बरे झाले होते, पहिल्यांतील अवघे ८. ज्या गोळीनें नांव मिळवून दिलें ती एकटी पुरेशी नाहीं, हें तिच्याच पुरस्कर्त्यानें आंकड्यांनीं सांगितलें. गोळी त्यामुळें निरुपयोगी ठरली असें मात्र नव्हे. प्रतिविषाची कुपी हाताशीं नसेल तेथें आधार तिचाच.

२०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. तथापि मला त्या पदवीहून २०११ सालच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील या प्रयोगाच्या निबंधाचा मथळा अधिक पाहावासा वाटतो. त्यावर नांवें दोनच आहेत, हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर, आणि पत्ता महाडचा.