पाषाणमूर्ती आणि तैलरंग

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी धारासूर नावाचे गाव आहे. तेथील गुप्तेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती उभ्या आहेत. देहाचा भार एका पायावर, कटी एका बाजूस कललेली, मान दुसऱ्या बाजूस वळलेली. या उभे राहण्याच्या रीतीस शिल्पशास्त्रात त्रिभंग म्हणतात. अशा मूर्तीचे मर्म युरोपातून आलेल्या तैलरंगाच्या माध्यमात उतरू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या कलेतिहासात सापडते. आणि ते देणाऱ्यांत पंढरपुरास जन्मलेला एक चित्रकारही होता.

मुंबईत सर ज. जी. कलाशाळा 1857 साली निघाली. तेथील विद्यार्थ्याचा हात प्रथम ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवर बसविला जाई. प्रकाश एका बाजूने आला म्हणजे छाया कोठे पडते, गालाची गोलाई कशी दाखवावी, हे त्या पांढऱ्या पुतळ्यांनी शिकविले. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर यांच्या व्यक्तिचित्रांत या शिस्तीचे फळ दिसते. तथापि या शिक्षणाची एक बाजू उणी होती. छायाप्रकाशाच्या मापाने पाहण्याची सवय जडलेल्या डोळ्यास देशी मूर्तीचे सौंदर्य सहजी उमगत नसे.

1947 साली फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वस्तू मायदेशी परतल्यावर 1948 साली दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडण्यात आल्या. पुढे 1949 साली याच संग्रहातून राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. सूझा व हुसेन हे प्रदर्शन पाहावयास गेले. मथुरेच्या तांबड्या दगडाच्या मूर्ती आणि पहाडी लघुचित्रे यांनी हुसेन भारावून गेले. सिनेमाच्या जाहिरातींचे फलक रंगवून ज्यांनी पोट भरले होते, त्या हुसेन यांनी परतल्यावर काढलेली पाच चित्रे हा आपल्या कलेतील वळणबिंदू मानला.

त्यांनी मूर्तीची नक्कल केली नाही. त्यांनी तिचा तोल घेतला. छाया देऊन गोलाई आणण्याऐवजी जाड, ठाम रेषेने आकृती बांधावयाची आणि तीत सपाट, दाट रंग भरावयाचा, अशी त्यांची रीत झाली. 1955 सालच्या ‘जमीन’ या चित्रातील आकृती पाहिल्या म्हणजे दगडाचा भार रंगात कसा आला, हे ध्यानात येते.

गोव्यात जन्मलेल्या सूझाने व्यक्तिचित्रास हात घातला. 1955 सालच्या ‘मिस्टर सेबास्टियन’ या चित्रात कोट घातलेल्या आधुनिक गृहस्थाच्या चेहऱ्यात व मानेत बाण रुतले आहेत. चर्चमधील संत सेबास्टियनची हुतात्म्याची प्रतिमा आणि प्रतिष्ठिताचे व्यक्तिचित्र ही दोन्ही त्याने एकत्र आणली. मग त्या कोटाचा रुबाब कोठला राहणार!

ही विकृती नव्हे काय, असा आक्षेप सुजाण माणसेही घेतात. परंतु सुरसुंदरीची कटी तरी कोणत्या मोजमापाने घडली? प्राचीन शिल्पीही देहाची प्रत काढीत नव्हता. भाव प्रकट व्हावा म्हणून तो देह वाकवीत होता. चित्रकारांनी त्याचेच स्वातंत्र्य परत मिळविले.

मात्र दिल्लीच्या दालनात त्या मूर्ती छपराखाली होत्या. धारासूरच्या सुरसुंदरी आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची प्राचीन मंदिरे ऊनपाऊस सोशीत उघड्यावर उभी आहेत. चित्र मूर्तीस नवा अर्थ देऊ शकते, परंतु झिजून गेलेला दगड परत देऊ शकत नाही. पुढील चित्रकारास पाहावयास मूळ मूर्तीच उरली नाही, तर तो अर्थ कशाचा लावणार?