टाकीचा रंग आणि बैलाची शिंगे

गाडी रंगवून आणणारा माणूस आपल्याकडे 'ड्यूको करून घेतला' असे सहज सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. हा शब्द आला कोठून, याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता. वडिलांच्या लाल राजदूतची पोचलेली, गंजू लागलेली टाकी अंबाजोगाईच्या अंगणात उतरवून ठेवली, तेव्हा तो प्रथम सुचला.

ड्यूको हे अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने 1923 साली बाजारात आणलेल्या रंगाचे व्यापारी नाव. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोजचा. याच कुळातील पदार्थाने पहिल्या महायुद्धात तोफा डागल्या होत्या. आणखी एक नाते आम्हांस अधिक जवळचे वाटते: 1913 साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरवला, तीही नायट्रोसेल्युलोजचीच होती. ड्यूकोपूर्वी मोटारीवर तेली रंगाचे हात चढवून ते वाळण्यात आठवडे जात. 1914 ते 1925 या काळात फोर्डची मॉडेल टी तर फक्त काळ्या रंगातच मिळे. 1924 च्या ओकलँड मोटारी निळ्या ड्यूकोत बाहेर पडल्या आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. पण इतक्या झटपट सुकणाऱ्या रंगावर कुंचला चालत नाही. दुसरा हात देताना पहिला उखडून येतो. तो फवारावाच लागतो. फवारणीची बंदूक मात्र आधीच तयार होती. टोलेडोच्या डॉ. ॲलन डी व्हिल्बिस यांनी रोग्यांच्या घशात औषध फवारण्यासाठी उपकरण बनवले होते, त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगाकडे वळवले. 1949 साली एडवर्ड सेमूर यांनी रंग दाबाच्या डब्यात भरला, आणि कॉम्प्रेसर नसलेल्या माणसालाही घरच्या अंगणात हे काम करता येऊ लागले.

तसे ते आम्ही केले, आणि पहिल्यांदा फसलो. भाद्रपदातली दमट दुपार होती. थिनर भराभर उडून जाताना पत्रा गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. आमच्या लाल टाकीवर तासाभरात पांढुरकी साय आली. बीडच्या मे महिन्यात याच्या उलट गत होते: थेंब पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतात आणि रंग खरखरीत बसतो. हिवाळ्यातील कोरडी, उतरत्या दुपारची वेळ उत्तम, हे शहाणपण आम्हांस टाकी पुन्हा घासून, लांबी भरून, प्रायमर देऊन आले.

खरी अडचण पुढेच होती. लाल म्हणजे कोणता लाल? एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावरून राजदूत बनवायला 1962 साली सुरुवात केली. आमच्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात रंगाच्या रकान्यात नुसते 'लाल' एवढेच आहे. सरकारला तेवढे पुरते. टाकीवरचे कंपनीचे चिन्ह काढले, तर त्याखाली गर्द, ओलसर वाटणारा लाल निघाला. मडगार्डवर मात्र त्याच रंगाची उन्हाने विटकरी करून टाकलेली होती. दोन्ही अस्सल. मूळ रंगाशी जुळवावे तर टाकी उरलेल्या गाडीशी भांडणार. विटलेल्याशी जुळवावे तर आपण चाळीस वर्षांच्या उन्हाची नक्कल करणार. शिवाय सावलीत जुळलेले दोन लाल उन्हात वेगळे दिसतात, ते निराळेच. (आमचा रंग साधा होता हे नशीब. चकाकत्या मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनियमचे कण बंदुकीच्या अंतराप्रमाणे आडवे-तिडवे बसतात, त्यामुळे एकाच डब्यातून दोन छटा निघू शकतात.)

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. गोदेकाठी पैठणला शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीन शतकांच्या पाठांचे थर त्यांच्यापुढे होते, आणि आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद त्यांनी पुढच्यांना दिली. चांगला संपादक आपला हात दिसू देत नाही. पण मूळ म्हणून तो ज्याच्याकडे बोट दाखवतो, तीही त्याची निवडच असते.

याच अंगणात पूर्वी पोळ्याला बैलांची शिंगे रंगत. हिंगूळ, बेगड, वर गोंडे. गेल्या वर्षीच्या रंगाशी जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. उलट नवा रंग लांबून नवा दिसला पाहिजे, हीच हौस. शेजारी विचारणार, कौतुक करणार. टाकीचे तसे नाही. तिथे कोणी 'रंगवलीत का?' असे विचारले, की समजावे काम बिघडले. घरच्या रंगकामाचा हेतू असा उलटा कधी झाला? आमचा कयास असा की गाडी हप्त्यावर घेतलेली, पुन्हा विकता येणारी वस्तू झाली तेव्हा. अपघाताची खूण भाव पाडते. बैलही बाजारात विकला जातो हे आम्ही विसरलो नाही; पण त्याच्या शिंगावरचा रंग दोष झाकण्यासाठी नसतो.

वडिलांची राजदूत आम्हांला विकायची नव्हती. तरीही चार दिवस आम्ही पत्र्याच्या तुकड्यांवर लालात थोडा काळा, थोडा पिवळा घालून नमुने वाळवीत बसलो, आणि शेवटी मडगार्डच्या उन्हाला मान दिली. आठ पातळ हात झाले. चिन्हाखालची हातभर नव्हे, बोटभर जागा तेवढी कागदी चिकटपट्टी लावून झाकून ठेवली होती. ती तशीच आहे, वर चिन्ह बसवले आहे. आईने टाकीभोवती फिरून पाहिले आणि विचारले, 'रंग कुठे दिलास?'