अंगण खरेच वाकडे होते का?

संगणकाच्या तासाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर, माझा प्रोग्रॅम बरोबर आहे, कॉम्प्युटरच चुकतोय." आपण हसतो, 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणतो आणि प्रोग्रॅममधली चूक दाखवून देतो. बहुतेक वेळा ती तिथेच असते. पण डेटाबेस बनवणारी जाणती मंडळीही गेली चार दशके ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाने बोटे मोडत आली आहेत. त्यांचा इतिहास पाहताना आम्हाला आमचे हसू जरा आवरावे लागले.

आधी भांडणातले दोन पक्ष पाहू. डेटाबेस म्हणजे नोंदी सांभाळणारी आज्ञावली : बँकेतली खाती, परीक्षेचे गुण, दवाखान्यातले केसपेपर. मात्र ही आज्ञावली सहसा स्वतः डिस्कला हात लावत नाही. "एवढे लिहून ठेव," असे ती ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते. डिस्क अतिशय मंद असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम मजकूर आधी स्मृतीत ठेवते, "झाले" म्हणते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मुख्याध्यापकांनी पत्र दिले की शाळेचा शिपाई ते पिशवीत टाकतो आणि दिवसातून एकदाच पोस्टात जातो, तसेच हे. सोय मोठी आहे. वाटेत पिशवी हरवली नाही म्हणजे झाले!

या व्यवस्थेविरुद्धची प्रसिद्ध तक्रार १९८१ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी एका शोधनिबंधात मांडली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सवर 'इन्ग्रेस' हा डेटाबेस बांधला होता. त्यांचे म्हणणे असे, की ऑपरेटिंग सिस्टिम देते त्या सेवा डेटाबेसला एक तर संथ पडतात, नाहीतर गैरसोयीच्या असतात. यातला एक मुद्दा वर्गात करून पाहण्याजोगा आहे. टेबलावर दहा पुस्तकांची जागा आहे आणि अकरा पुस्तके क्रमाने, पुन्हापुन्हा वाचायची आहेत. जागा भरली की 'सर्वांत जुने हाताळलेले पुस्तक काढा' हा नेहमीचा नियम लावा. हवे असलेले पुस्तक दर वेळी नुकतेच उचललेले आढळेल! उलट 'सर्वांत ताजे हाताळलेले काढा' असा नियम केला, तर पहिल्या फेरीनंतर नऊ वेळा पुस्तक टेबलावरच सापडते, दहाव्या वेळी तेवढे सापडत नाही. कोणता नियम केव्हा लावावा हे डेटाबेसला ठाऊक असते, ऑपरेटिंग सिस्टिमला नसते. इथे अंगण खरोखरच वाकडे होते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. अमुक मजकूर आत्ता, या क्षणी डिस्कवर गेलाच पाहिजे, असे डेटाबेसला ठामपणे सांगता आले पाहिजे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत त्यासाठी 'एफसिंक' नावाची आज्ञा आली. तिचा अर्थ : पिशवीतली पत्रे आत्ता पोस्टात टाका आणि येऊन मला सांगा. ओरॅकलसारख्या कंपन्यांनी तर शिपायाला वगळून डिस्कचा कोरा भाग थेट वापरण्याचीही सोय ठेवली. पोस्टग्रेस हा स्टोनब्रेकर यांच्याच बर्कलीतल्या पुढच्या प्रकल्पातून निघालेला डेटाबेस. त्याने मात्र ऑपरेटिंग सिस्टिमवरच भिस्त ठेवली, आणि आमच्या मते या इतिहासातला सर्वांत बोधप्रद प्रसंग त्याच्याच वाट्याला आला.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो. मूळ फायलींतले बदल डिस्कवर पोचल्याची एफसिंकने ग्वाही दिली, की नोंदवहीतली जुनी पाने त्याला लागत नाहीत. एफसिंकने "जमले नाही" असे कळवले, तर तो थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक मागत असे. दुसऱ्यांदा "झाले" असे उत्तर आले, की तो निर्धास्त होई. सुमारे वीस वर्षे असेच चालले होते.

मार्च २०१८ मध्ये उघड झाले की लिनक्सवर या दुसऱ्या "झाले"ला काहीच अर्थ नव्हता. लिहिताना चूक झाली, की लिनक्स ती एकदा कळवी आणि स्मृतीतल्या त्या पानावर 'लिहून झाले' असा शिक्का मारून मोकळे होई. मुख्याध्यापक म्हणतात, "पुन्हा जाऊन या." शिपाई म्हणतो, "साहेब, पिशवीत आता एकही पत्र शिल्लक नाही." खरेच नाही, कारण भिजलेली पत्रे त्याने वाटेतच टाकून दिली आहेत! पोस्टग्रेस मात्र या उत्तरावर विसंबून नोंदवहीची पाने सोडून देई. म्हणजे नोंद दोन्हीकडून गेली, आणि गेल्याचे कोणाला कळलेही नाही.

डेटाबेसवाल्यांचा राग समजण्यासारखा होता. पण लिनक्सवाल्यांचे उत्तरही ऐकायला हवे. कोणी लिहिणे चालू असताना यूएसबी पेनड्राइव्ह उपसून काढला, तर न लिहिलेली पाने कुठवर सांभाळायची? ती कधीच लिहिली जाणार नाहीत आणि स्मृती मात्र अडून राहील. शिवाय पॉझिक्स या मानकात एवढेच म्हटले आहे, की एफसिंक अयशस्वी झाले तर राहिलेले लेखन पूर्ण झाल्याची खात्री नाही. पुन्हा मागितल्यास ते पुन्हा लिहिले जाईल, असे वचन त्यात नव्हते. ते वचन पोस्टग्रेसकर्त्यांनी मनाने गृहीत धरले होते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्सवर ते गृहीत बरोबर ठरे, कारण तिथे न लिहिलेले पान तसेच जपून ठेवले जाई. आमचा स्वतःचा कौल विचाराल, तर चूक लपून राहील असे वागणे लिनक्सला शोभणारे नव्हते. पण चुकीनंतरचा रस्ता इतकी वर्षे तपासून न पाहणे, हा दोष डेटाबेसचाच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने दुरुस्ती केली. ती भांडणाच्या मानाने साधी आहे : एफसिंक अयशस्वी झाले की डेटाबेस स्वतःला तत्काळ बंद करतो आणि पुन्हा सुरू होताना आपल्याच नोंदवहीतून सर्व बदल नव्याने लिहितो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी विभागातही याच धर्तीचा बदल झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये लिनक्सच्या तीन फाइल सिस्टिम घेऊन पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, रेडिस, लेव्हलडीबी आणि एलएमडीबी यांच्यासमोर एफसिंक मुद्दाम बिघडवून पाहिले. पाचांपैकी एकाचीही तजवीज पुरेशी ठरली नाही. तीन फाइल सिस्टिमही अपयशानंतर एकमेकींसारख्या वागत नव्हत्या.

पोस्टग्रेसमध्ये त्या दुरुस्तीबरोबर एक कळही ठेवली गेली. न लिहिलेली पाने जपणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती चालू केली, तर डेटाबेस बंद न पडता पूर्वीसारखा पुन्हा प्रयत्न करतो. ही कळ मुळात बंद ठेवलेली असते.