आरोग्यविम्याच्या परिभाषेतील ‘कुटुंब’ : इ. स. १९४८ ते २०२४

‘कुटुंब’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ झालेला आढळतो. एका चुलीवर जेवणारा सगळा परिवार हा त्याचा व्यापक अर्थ होय; आणि ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ अशा जुन्या वळणाच्या बोलण्यात दिसणारा ‘पत्नी’ हा त्याचा संकुचित अर्थ होय. ‘विमा’ हा शब्द मात्र फारसी ‘बीमा’ या शब्दाचे मराठी रूप असून, त्यासोबत नेहमी येणारा ‘हप्ता’ हाही फारसीतूनच, ‘सात दिवसांचा काळ’ या मूळ अर्थापासून, मराठीत आलेला आहे. भिन्न कुळांतील हे शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्यविम्याच्या निमित्ताने एकत्र आले. या संयोगात ‘कुटुंब’ या शब्दाला त्याच्या दोन्ही रूढ अर्थांहून निराळा असा तिसरा अर्थ प्राप्त झाला, आणि तो प्रत्येक योजनेगणिक बदलत गेला. आजारी माणसाला उपचार मिळणार की नाही, हे पुष्कळदा या तिसऱ्या अर्थावर अवलंबून असल्यामुळे त्याचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

१. कामगाराचे कुटुंब

औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम भारत सरकारने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला आणि त्याच्या पायावर, पुढील फेरविचारानंतर, कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला; १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली.

या अधिनियमात वैद्यकीय लाभाचा प्रथम हक्कदार हा विमित कामगार होता. त्याच्या कुटुंबापर्यंत हा लाभ नेण्याची तरतूद होती खरी. परंतु ती संबंधित शासनाच्या विनंतीवर अवलंबून ठेवण्यात आली होती. कुटुंबाची मूळ व्याख्याही लक्षणीय आहे. पती अथवा पत्नी, अवलंबून असलेली अज्ञान औरस व दत्तक मुले, आणि विमित व्यक्ती पुरुष असेल तर त्याचे अवलंबून असलेले आईवडील, एवढ्यांचा तीत समावेश होता. म्हणजे गिरणीत राबून म्हाताऱ्या आईला पोसणारा मुलगा आणि तेच करणारी मुलगी यांच्या वेतनातून वर्गणी सारख्याच नियमाने कापली जाई. पण मुलाची आई ‘कुटुंब’ ठरे व मुलीची आई ठरत नसे. १९८९ च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यापुढे जाऊन स्त्री-कर्मचाऱ्याच्या सासूसासऱ्यांचाही व्याख्येत अंतर्भाव केला. एका पोटवाक्याच्या या दुरुस्तीला एकेचाळीस वर्षे लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आरोग्य योजनेनेही हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे स्त्री-कर्मचाऱ्याला आपले आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एका जोडीची निवड करण्याची मुभा मिळाली. व्याख्या रुंदावली; पण निवडीचा भार स्त्रीवर आला.

या दोन्ही योजनांचे एक समान लक्षण असे की, वर्गणी कुटुंबातील माणसांची संख्या, त्यांचे वय किंवा आजार पाहून ठरत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के ठरविण्यात आला. घरात एक मूल असो वा चार, वर्गणी तीच. त्यामुळे अशा योजनेत खरा वाद पैशाचा नसून व्याख्येचा असतो.

२. हप्त्याचे कुटुंब

सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून तो सरकारी मालकीच्या चार कंपन्यांकडे आला. या कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी बाजारात आणली. तिचा घटक व्यक्ती हा होता. प्रत्येकाची विमारक्कम स्वतंत्र आणि हप्ता वयानुसार. १९९९ च्या अधिनियमाने खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले आणि त्यानंतरच्या दशकात ‘फॅमिली फ्लोटर’ हा प्रकार रूढ झाला. यात एकच विमारक्कम सर्वांची सामाईक असते. ज्याला गरज पडेल त्याने ती वापरावी. तत्त्व एकत्र कुटुंबाच्या सामाईक तिजोरीचे आहे. तथापि हप्ता बहुधा सर्वांत वयस्क सभासदाच्या वयावरून ठरत असल्याने, आईवडिलांचे नाव घातले की सर्वांचाच विमा महागतो. शिवाय एकाच्या दीर्घ आजाराने रक्कम संपली, तर त्या वर्षापुरते इतरांचे छत्र उणे होते. परिणामी बाजारातील ‘कुटुंब’ म्हणजे प्रायः पतिपत्नी व मुले. आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी. प्राप्तिकर कायद्यातही ही विभागणी उमटली. २००८ च्या वित्त अधिनियमाने आईवडिलांच्या विम्यासाठी स्वतंत्र वजावट दिली, आणि त्या कलमातील ‘कुटुंब’ या शब्दाच्या कक्षेत करदात्याचा जोडीदार व अवलंबून असलेली मुले एवढीच राहिली.

खाजगी विम्यात नात्याइतकाच आजाराचा पूर्वेतिहास महत्त्वाचा असतो. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाल लावण्याची रीत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. म्हणजे माणूस कुटुंबात असला तरी त्याचा जुना मधुमेह काही काळ विम्याच्या उंबऱ्याबाहेरच उभा असतो.

३. कार्डावरचे कुटुंब

ज्यांना ना नियमित वेतन ना हप्त्याची ऐपत, अशांसाठी २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार आणि कार्डावर कमाल पाच नावे, असे तिचे स्वरूप होते. सहा माणसांच्या घरात सहावे नाव कोणते वगळावयाचे, हा निर्णय कुटुंबप्रमुखावर पडला.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व पुढील वर्षी राज्यभर विस्तारलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) हिने शिधापत्रिका हा आधार मानला. कुटुंबाला वार्षिक दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. येथे धान्याच्या हिशेबासाठी केलेली यादी हीच कुटुंबाची व्याख्या बनली. ज्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी होऊन सासरच्या पत्रिकेत चढलेले नाही, तिचे स्थान या व्याख्येत संदिग्धच राहते. गोव्याच्या २०१६ मधील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने संख्येचा विचार अधिक मोकळेपणाने केला : तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देताना सभासदसंख्येची अट काढून टाकली. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेची मर्यादाही पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, योजनेत घेतले. आधीच समाविष्ट असलेल्या घरांतील अशा वृद्धांसाठी पाच लाखांची रक्कम वेगळी ठेवली. या निर्णयात वृद्ध मनुष्य प्रथमच कोणाचा ‘अवलंबित’ म्हणून नव्हे, तर स्वतःच्या वयाच्या बळावर हक्कदार ठरला. मात्र जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. कामगार विमा दवाखान्यातील रोजची तपासणी व औषध यांची जागा ती घेत नाही.

४. निष्कर्ष

वरील आढाव्यावरून तीन प्रकारची कुटुंबे स्पष्ट होतात. वेतनाशी जोडलेले कुटुंब नोकरीबरोबर येते व तिच्याबरोबर जाते. हप्त्याचे कुटुंब ऐपतीप्रमाणे रुंद किंवा अरुंद होते. कार्डावरचे कुटुंब नोंदीवर जगते. पहिल्यात आईवडिलांच्या उत्पन्नाची व मुलांच्या वयाची अट पाहावी लागते, दुसऱ्यात सर्वांत वयस्काचे वय व जुने आजार, आणि तिसऱ्यात प्रत्येकाचे नाव यादीत आहे की नाही हे. घरातील विधवा आत्या किंवा शिक्षण संपलेला बेकार मुलगा यांच्यासारखी माणसे बोलीतील कुटुंबात निःसंशय असतात; या परिभाषांत मात्र त्यांचे स्थान प्रत्येक वेळी शोधावे लागते. म्हणून कोणत्याही योजनेचे कागद हाती आल्यावर रकमेच्या आकड्याआधी ‘कुटुंब म्हणजे’ या शब्दांनी सुरू होणारे कलम वाचणे हितावह होय. रक्कम किती, हा प्रश्न दुसरा. कोणाची, हा पहिला.