खडी फोडणारे हात

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरा कुंभारांमुळे सर्वांना ठाऊक आहे. प्राचीन तगर ते हेच, असे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि पुढे ते मान्य झाले. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई आणि मधला विस्तीर्ण प्रदेश धड वाटही नसलेला होता, असे त्याचा अनामिक लेखक नोंदवतो. या मुलखातील रस्त्यांविषयीची ही बहुधा सर्वांत जुनी लेखी तक्रार असावी!

तक्रारीचे मूळ पायाखालच्या जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. वर घातलेला रस्ताही तिच्याबरोबर हलतो. म्हणून मुरुमाचा भराव, त्यावर मोठ्या दगडांचे सोलिंग आणि मग खडी, अशी बांधणी करावी लागते. खडी पसरली की रोलर फिरवायचा, फटींत मुरूम भरायचा, पाणी मारून पुन्हा दाबायचे. डांबर त्यानंतर. यातली एक पायरी चुकली, की पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात आणि दुरुस्ती पुन्हा दारात उभी राहते.

परंतु या रस्त्यांचा खरा इतिहास अभियांत्रिकीचा नाही, भुकेचा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांची मातीकामे आणि खडी फोडणे ही त्यांतली प्रमुख कामे. रेशनवर लाल मिलो मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. एरवी ज्यांच्या घरातल्या बायका परक्या बांधावर पाऊल ठेवत नसत, असे शेतकरीही भूमिहीन मजुरांच्या शेजारी हातोडा घेऊन बसले. फोडलेल्या खडीचे माप घेतले जाई आणि त्यावर मजुरी ठरे. भुकेने जातीची उतरंड मोडली नाही. काही काळ तिला एका रांगेत बसवले, एवढेच.

यातला विरोधाभास विसरण्याजोगा नाही. ज्या वर्षी हात मुबलक होते, त्याच वर्षी रस्ता दाबायला पाणी नव्हते. खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. त्यांकडे बोट दाखवून 'पैसा दगडात गेला' असे म्हणणारे तेव्हाही होते. हिशेबाच्या वहीपुरते ते खरे असेल. पण तो पैसा दगडात नव्हे, चुलीत गेला होता.

या अनुभवातूनच एक मोठी गोष्ट घडली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगाला दुष्काळाने बळ दिले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे औदार्य न राहता कर्तव्य ठरले. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी ती छोटी रक्कम मुळात उन्हात खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी होती, हे किती जणांना ठाऊक असते? पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच दाखला समोर होता.

तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, परंडा, कोणत्याही गावात शिरताना खड्डा लागला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो. द्याव्यातच. मात्र त्या डांबराखाली कुठेतरी १९७२ ची खडी असू शकते, हेही आठवावे. मैलाच्या दगडावर गावाचे नाव असते, अंतर असते. खडी फोडणारीचे नाव नसते. ते फक्त हजेरीपटावर होते, बहुधा अंगठ्याच्या ठशाने.