मूळ गिअरबॉक्सच्या पडताळणीची कुळकथा

जुन्या मोटारीतील गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनाचा वेग आणि जोर कमी-अधिक करून चाकांकडे पोचवणारी दातेरी चक्रांची पेटी, कारखान्यातलाच आहे की मागाहून बसवलेला, हे पडताळण्याची रीत आज संग्राहकांची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा पाया कारखान्यांच्या दप्तरांनी घातला. ब्रिटनच्या जॅग्वार कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या ओळखपट्टीवर मोटार, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे चार स्वतंत्र क्रमांक असत. त्यामुळे पट्टीवरचा, दप्तरातला आणि धातूवर ठोकलेला आकडा आजही एकमेकांशी ताडून पाहता येतो. सुरुवातीच्या ३.८ लिटर गाड्यांतील मॉस बनावटीच्या गिअरबॉक्सचा क्रमांक ‘ईबी’ने सुरू होतो, तर १९६४ मध्ये ४.२ लिटर इंजिनासोबत आलेल्या नव्या गिअरबॉक्सचा ‘ईजे’ने.

भारतात नोंदणीच्या कागदांनी हा चौथा क्रमांक कधी आपला मानला नाही. आरसी बुकात चेसिस आणि इंजिन यांचेच क्रमांक येतात; चेसिसवरच्या आकड्यावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतली जाते, गिअरबॉक्सवर ती पेन्सिल फिरत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक देणाऱ्या २०२१ च्या केंद्रीय नियमांतही चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा असे म्हटले आहे, गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. ही उणीव क्षुल्लक नव्हे, कारण झिजला की सबंध उचलून बदलला जाणारा भाग नेमका हाच आहे.

धामणगाव रेल्वेसारख्या वऱ्हाडी गावात कागदांचा आधार आणखी तोकडा पडतो, कारण महायुद्धानंतर लगेच इथे नोंदलेली गाडी जागची न हलता आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात गणली गेली असती. अशा वेळी साक्ष धातूचीच काढावी लागते, आणि त्या काळातल्या जीपच्या बाबतीत ती उत्तम मिळते. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर जीप बांधल्या; फोर्डने आपल्या अनेक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले. गिअरबॉक्स मात्र दोन्हींत वॉर्नर गिअर कंपनीच्या ‘टी-८४’ नमुन्याचा असल्याने, केवळ ‘एफ’चे बोल्ट सापडले म्हणून तो मूळचा ठरवणे घाईचे होईल. १९४५ च्या नागरी जीपपासून त्याची जागा अधिक दणकट ‘टी-९०’ने घेतली आणि पुढे तो जुन्या लष्करी जीपमध्येही बसवला जाऊ लागला.

रॉकेलने धुऊन काढलेल्या कवचावरची ओतीव खूण, म्हणजे साच्यातूनच धातूवर उमटलेली अक्षरे, हा पहिला पुरावा होय. पण कवच जुने आणि आतली चक्रे दुसरी असू शकतात, म्हणून दातांचे गुणोत्तरही पाहावे लागते. टी-८४ च्या पहिल्या गिअरमध्ये ते सुमारे २.६७, तर टी-९० मध्ये २.८० असते. स्पार्क प्लग काढून, मागची चाके उचलून, ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी, वरच्या टप्प्यात ठेवून, पुढच्या चाकांची जोडणी सोडवून आणि पहिला गिअर टाकून इंजिन हँडलने आठ फेरे फिरवले, तर टी-८४ असल्यास मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा, जवळजवळ नेमके तीन फेरे पूर्ण करतो. टी-९० असल्यास तिसरा फेरा अपुरा राहतो.